घरात व्हायरल शिरलं आणि पेशंटला मिरगी आहे: ताप चढायच्या आधीपासून ते बरं होईपर्यंत काय काय करायचं

आखाड लागला की आमच्या घरी पहिले थर्मामीटरचा सेल तपासतात, छत्र्या नंतर निघतात. माझ्या लहान भावाला मिरगी आहे, 12 वर्षांचा होता तेव्हापासून, आता 28 चा आहे, नोकरी करतो, गोळ्या वेळेवर घेतो आणि एरवी त्याच्याकडे पाहून कोणाला काही कळणारही नाही. पण सर्दी-खोकला-ताप आला की ते चार-पाच दिवस आमच्यासाठी वेगळे असतात. मी डॉक्टर नाही. त्याच्यासोबत दवाखान्याच्या बाकड्यावर इतकी वर्षं बसून, त्याच्या न्यूरोलॉजिस्टना प्रश्न विचारून विचारून जे शिकले ते इथे लिहून राहिले, कारण आमच्या वेळी हे असं एका जागी कोणी सांगितलं नव्हतं.

आधी ती एक गोष्ट सांगते ज्यामुळे आम्ही शहाणे झालो. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आसपास घरात सगळ्यांनाच व्हायरल झालं. भावाला दोन वर्षांत एकही झटका नव्हता म्हणून आम्ही निवांत होतो. 102 ताप, खोकला इतका की रात्रभर झोप नाही, तिसऱ्या रात्री गोळी घेतल्यावर दहा मिनिटांत उलटी झाली आणि आम्हाला वाटलं जाऊ दे, सकाळची तर आहेच. सकाळी त्याला कुठे डोळा लागला होता म्हणून आईनं उठवलं नाही, आराम करू दे म्हणाली. त्यात आदल्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून खोकल्याचं सिरप आणि अंगदुखीची गोळी आणली होती, मिरगी आहे हे न सांगता. 11 वाजता पहिला झटका आला, संध्याकाळी दुसरा. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ताप किती होता हे नंतर विचारलं, आधी विचारलं, "शेवटची गोळी पोटात टिकली ती कधी?" हिशोब केला तर 26 तास झाले होते.

तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. आपण सगळे तापाच्या मागे लागतो, पट्ट्या ठेवतो, आणि तेवढ्यात गोळी सुटते, झोप जाते, चुकीचं औषध पोटात जातं. या तीन गोष्टी आपल्या हातात असतात, म्हणून या लेखात तापापेक्षा त्यांच्यावर जास्त लिहिलं आहे.

आजारपणात झटका का येतो

मिरगीवाल्या माणसाला सर्दी-फ्लू इतरांपेक्षा जास्त होतो असं सरसकट नाही. होतो तेव्हा त्याचा त्रास मेंदूपर्यंत पोहोचायची शक्यता जास्त असते, एवढंच. तापानं मेंदूच्या पेशी जास्त चिडक्या होतात, शिवाय व्हायरसशी लढताना शरीर जी सूज आणणारी रसायनं सोडतं ती सुद्धा झटक्याची हद्द खाली आणतात, म्हणजे एरवी आला नसता तो झटका सहज येतो. वरून खोकल्यानं झोप नाही, खाणं नाही, उलट्या-जुलाब असले तर रक्तातलं मीठ म्हणजे सोडियम घसरतं, छाती भरली तर ऑक्सिजन कमी पडतो. एकटा ताप माणूस सहन करतो हो, पण हे सगळं एकाच दिवशी जमा झालं की मग झटका येतो.

प्रत्येकाला सारखंच होईल असं नाही. ज्यांची मिरगी कंट्रोलमध्ये आहे त्यातल्या बहुतेकांचं व्हायरल झटका न येता निघून जातं, घाबरून बसायची गरज नाही. जास्त जपायचं ते लहान लेकरांना, सेरेब्रल पाल्सी किंवा गिळायचा त्रास असलेल्यांना (लाळ-कफ फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया व्हायची भीती असते), स्टेरॉइड किंवा एसीटीएचचं (बाळांच्या झटक्यांवर देतात ते हार्मोन) इंजेक्शन चालू असलेल्या बाळांना, आणि ड्रॅव्हे सिंड्रोमसारख्या प्रकारांना, जिथे ताप म्हणजेच झटका असं समीकरण असतं. 6 महिने ते 5 वर्षांच्या लेकराला फक्त तापात फिट येते ती गोष्ट वेगळी, ती दर शंभरातल्या 2 ते 5 लेकरांना येते आणि तिला मिरगी म्हणत नाहीत, त्यामुळे शेजारच्या पोट्ट्याचा अनुभव आपल्या पेशंटला लावू नका.

सीझन यायच्या आधीचं काम: एक कागद

नागपुरात व्हायरलचा जोर साधारण दोनदा असतो, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर आणि मग थंडीत, तो मार्चपर्यंत रेंगाळतो. त्याच्या आधीच्या रेग्युलर अपॉइंटमेंटला डॉक्टरांकडून आजारपणाचा कागद लिहून घ्या. हे मी हात जोडून सांगते, कारण रात्री 2 ला कोणाचा फोन लागत नाही आणि लागला तरी समोरच्याला तुमच्या पेशंटची केस माहीत नसते. कागदावर हे पाहिजे: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता, ब्रँड कोणता. उलटी झाली तर डोस परत द्यायचा का, किती मिनिटांच्या आत झाली तर. डोस विसरला तर किती तासांपर्यंत चालेल. तापाच्या दिवसांपुरती जादा गोळी (बऱ्याच लेकरांना क्लोबाझाम देतात) द्यायची का, किती दिवस आणि कधी बंद करायची. झटका लांबला तर नाकातला मिडाझोलाम स्प्रे किती वेळा मारायचा, तो आकडा वजनावर ठरतो त्यामुळे लेकराचं वजन वाढलं की आकडाही बदलून घ्यायचा. आणि त्या पेशंटला कोणती औषधं अजिबात चालत नाहीत.

आमचा कागद फ्रिजवर चिकटवला आहे, फोटो चौघांच्या मोबाइलमध्ये आहे.

सामान म्हणाल तर डिजिटल थर्मामीटर, साधं पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, लिहून दिलेला स्प्रे (एक्सपायरी पाहा, उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, मे महिन्यात आपल्याकडे 45 डिग्री असते), आणि मिरगीच्या गोळ्या किमान 15 दिवस पुरतील एवढ्या शिल्लक. धंतोली-रामदासपेठेत राहणाऱ्याला मेडिकल हाकेवर आहे, पण काटोल, उमरेड, रामटेककडच्या गावात धो धो पाऊस लागला आणि गोळी संपली तर काय करणार. जनऔषधीतून स्वस्त गोळी घेत असाल तर खुशाल घ्या, फक्त ब्रँड बदलायचा असेल तर तब्येत चांगली असताना डॉक्टरांना विचारून बदला, तापाच्या दिवसांत नको.

पहिला दिवस: अंग तापलं

थर्मामीटरनं मोजा, हात लावून अंदाज नको. 100.4 च्या वर गेला तर पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला 500 किंवा 650 ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान 6 तास. लेकराला वजनावर, एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅम, दिवसात 4 वेळांपेक्षा जास्त नाही. बाटलीवर 5 मिलीत 120, 125 का 250 लिहिलं आहे ते वाचूनच चमचा भरा, दोन ताकदीच्या बाटल्या सारख्याच दिसतात आणि इथे फार गडबड होते.

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या, पॅरासिटामॉलनं पेशंटला बरं वाटतं, तो पाणी पितो, झोपतो, त्यासाठी ते द्यायचं. त्यानं झटका नक्की टळतो असं नाही, म्हणून गोळी देऊनही झटका आला तर स्वतःला दोष देऊ नका आणि ताप पूर्ण उतरावा म्हणून डोसवर डोसही देऊ नका, लिव्हर खराब होते. व्हाल्प्रोएट हे मिरगीचं औषध घेणाऱ्यानं तर लिव्हरला जपायलाच पाहिजे.

अंग पुसायचं तर कोमट पाण्यानं, बर्फाचं पाणी नको, थंडीनं कुडकुडलं की ताप अजून चढतो. दुलईत गुंडाळून घाम काढायची पद्धत सोडा. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असलेल्या पेशंटना, त्यात लेकरांना जास्त, घामच कमी येतो, हा त्या औषधाचाच गुण आहे, त्यामुळे आजी म्हणते तसा "घाम आला की ताप उतरेल" हा हिशोब तिथे चालत नाही, उलट अंग तापत जातं. पातळ सुती कपडे, पंखा हळू, खिडकी उघडी.

पाणी थोडं थोडं पाजत राहा. कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन घेणाऱ्यांचं सोडियम तसंही खाली जायची सवय असते, त्यांना नुसतं पाण्यावर पाणी पाजू नका, ओआरएस, वरणाचं पाणी, मिठाचं ताक, भाताची पेज असं द्या. कीटोजेनिक डाएटवर (झटक्यांसाठी देतात तो भरपूर तूप-तेलाचा, अगदी कमी साखर-पिठाचा आहार) असलेल्या लेकराचं मात्र उलट आहे, त्याला ओआरएसमधली आणि सिरपमधली साखरही मोजावी लागते, त्याच्या डाएटिशियनला आधीच विचारून ठेवा.

गोळी पोटात टिकली पाहिजे

हे या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. मोबाइलला अलार्म लावा आणि एका कागदावर लिहा: गोळी किती वाजता दिली, उलटी झाली का, किती वाजता. तापात घरचे लोक पाळीपाळीनं जागतात आणि "तू दिली असशील" "नाही, मला वाटलं तू दिली" असं होऊन डोस सुटतो नाही तर दोनदा जातो.

पेशंट झोपला असेल तरी गोळीच्या वेळेला उठवायचं, गोळी द्यायची, परत झोपू द्यायचं. माझ्या आईला आजही हे जिवावर येतं, पण ती आता उठवते.

उलटी झाली तर साधारण नियम असा सांगतात की गोळी दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत झाली किंवा उलटीत गोळी दिसली तर परत द्या, तासाच्या पुढे गेली तर नको, मधल्या वेळेसाठी आणि तुमच्या औषधासाठी तुमच्या डॉक्टरचा शब्द शेवटचा, म्हणूनच तो कागदावर पाहिजे. आधी उलटी थांबवायचं औषध, 20-30 मिनिटं थांबून मग मिरगीची गोळी दोन घोट पाण्यासोबत, असं केलं की टिकते. दोन डोस लागोपाठ टिकले नाहीत तर घरी वाट पाहू नका, हॉस्पिटलमध्ये जा, लेव्हिटिरासिटाम, व्हाल्प्रोएट, लॅकोसामाइड, फेनिटॉइन ही शिरेतूनही देता येतात. सुटलेला डोस भरून काढायला पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

घसा दुखतो, गिळवत नाही म्हणून गोळी कुटून द्यायचा मोह होतो. सीआर, ईआर, एक्सआर, क्रोनो असं काही नावात असेल तर ती गोळी कुटायची किंवा चावायची नाही, त्यातलं औषध हळूहळू सुटायला बनवलेलं असतं, कुटली की एकदम सगळं सुटतं. त्या दिवसांपुरतं सिरप मिळतं का ते डॉक्टरांना विचारा.

उपास असेल तर सोडा. श्रावण, गणपती, नवरात्र नेमके व्हायरलच्या दिवसांतच येतात आणि आमच्याकडे ताप असतानाही निर्जळी उपास धरणाऱ्या मावश्या आहेत, देवाला कळतं.

मेडिकलमधून आणायच्या औषधांबद्दल थोडं सविस्तर

काउंटरवर पहिलं वाक्य हे बोला: "पेशंटला मिरगी आहे, ही गोळी चालू आहे." आणि स्ट्रिप दाखवा. नुसतं "सर्दीचं द्या" म्हणाल तर दोन-चार औषधं एकत्र असलेली गोळी मिळते. त्यात पॅरासिटामॉल आधीच असतं, म्हणजे तुम्ही वेगळं दिलेलं आणि हे मिळून डबल. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही जुनी सर्दीची औषधं आणि नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन, यांनी काही पेशंटमध्ये झटक्याची हद्द खाली येते, जास्त डोसमध्ये तर नक्कीच. नाकासाठी साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब सगळ्यात बिनधोक.

अंगदुखीला ट्रामाडॉल असलेली गोळी बिलकुल नको, ते झटका आणतं हे पक्कं माहीत असलेलं औषध आहे. मी त्या वेळी जी गोळी आणली होती त्यात तेच होतं, हे मला नंतर स्ट्रिप वाचून कळलं, आणि ती स्ट्रिप अजून मी जपून ठेवली आहे. लेकरांना तापासाठी मेफेनामिक अ‍ॅसिड सर्रास देतात, जास्त झालं तर त्यानंही झटके येतात. पावसाळ्यात डेंग्यूचा संशय असेल तर मेफेनामिक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन काहीच नको. अ‍ॅस्पिरिन तर लेकरांना कोणत्याच व्हायरल तापात देत नाहीत, आणि व्हाल्प्रोएटसोबत ते अजून अडचणीचं.

दम लागतो, छातीत घरघर म्हणून थिओफिलिनवाली गोळी (डेरिफिलिन घराघरात माहीत आहे) कोणी सुचवली तर डॉक्टरांना मिरगीचं आठवण करून द्या, थिओफिलिननं झटका येऊ शकतो.

अँटिबायोटिकचं असं आहे की व्हायरसवर ते चालतच नाही, आधी विचारा की खरंच गरज आहे का. गरज असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन या कुटुंबाबद्दल सांभाळून. कार्बामाझेपिन चालू असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन नको, कार्बामाझेपिन रक्तात वाढत जातं आणि दोन-तीन दिवसांत पेशंटला चक्कर, डबल दिसणं, तोल जाणं सुरू होतं, लोकांना वाटतं तापाची अशक्ती आहे. हॉस्पिटलात भरती पेशंटला मेरोपेनेम लावणार असतील आणि तो व्हाल्प्रोएटवर असेल तर लगेच बोला, व्हाल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांतच धाडकन खाली येते आणि डोस वाढवूनही ती सावरत नाही, म्हणून डॉक्टर दुसरं अँटिबायोटिक नाही तर दुसरं मिरगीचं औषध जोडतात. कोविडवरच्या रिटोनाव्हिर असलेल्या गोळ्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोनसोबत चालत नाहीत. फ्लूची ऑसेल्टामिव्हिर मात्र मिरगीच्या औषधांशी सहसा भांडत नाही, आणि ती पहिल्या 48 तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगाची, म्हणून अंग मोडून 102-103 ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

खोकल्याच्या सिरपबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लेकरं भेसळीच्या सिरपनं किडनी बंद पडून आपल्याच हॉस्पिटलांमध्ये आणली होती, त्यातली किती तरी परत गेली नाहीत. लहान लेकराला खोकल्याचं सिरप आपल्या मनानं देऊच नका. वर्षाच्या पुढच्या लेकराला चमचाभर मध, कोमट पाणी, उशाला उंची, यानं रात्र निघते.

कापूर, निलगिरी आणि वाफारा

हे मला फार कळकळीनं सांगायचं आहे कारण हे प्रत्येक घरात होतं आणि प्रेमानं होतं. सर्दी झाली की ओवा-कापूर-लवंगाची पुरचुंडी करून हुंगवतात, छातीला कापूर घातलेलं तेल चोळतात, उशीला निलगिरीचे थेंब टाकतात. कापूर आणि निलगिरी तेल हे दोन्ही मेंदूला उत्तेजित करणारे पदार्थ आहेत. पोटात गेले तर चांगल्या धडधाकट लेकरालाही झटका येतो, आणि नुसतं हुंगून, चोळूनही झटके आलेले पेशंट आपल्या देशातल्या न्यूरोलॉजिस्टनी नोंदवले आहेत. बऱ्याच बामांमध्येही हेच दोन असतात, डबीच्या मागे वाचा. मिरगी असलेल्या घरात पुरचुंडी बांधायचीच असेल तर नुसता भाजलेला ओवा बांधा. काढा करा, तुळस, आलं, गवती चहा घाला, पण कापूर चिमूटभरही नको. आजीला रागवून सांगू नका, तिला डॉक्टरांसमोर घेऊन जा, आमच्या आजीनं तिथे ऐकलं आणि आता ती दुसऱ्यांना सांगते.

वाफाऱ्याची भीती वेगळी आहे. डोक्यावर टॉवेल, समोर उकळत्या पाण्याचं गंज, आणि त्याच क्षणी झटका आला तर चेहरा, छाती, मांड्या भाजतात. तापात झटक्याची शक्यता जास्त, नेमकी तेव्हाच आपण पेशंटला उकळत्या पाण्यावर वाकवतो. लेकराला तर वाफारा देऊच नका. मोठ्याला नाक मोकळं करायला कोमट पाण्याची बादली बाथरूममध्ये दूर ठेवून तिथे बसू द्या, नाही तर मिठाच्या पाण्याचे थेंब. तसंच चहा-काढा त्यानं स्वतः गॅसवर करायचा नाही, बाथरूमची आतून कडी लावायची नाही, आंघोळ खाली बसून मग्यानं, गच्चीवर एकटं झोपणं आणि विहिरीवर जाणं त्या आठवड्यात बंद. गाडी तर नाहीच, झटका आला असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

रात्र

खोलीत कोणीतरी सोबत झोपा. भावाला हे आवडत नाही, 28 वर्षांच्या माणसाला कोण सोबतीला झोपतं म्हणतो, म्हणून मी लॅपटॉप घेऊन काम करायच्या बहाण्यानं त्याच्या खोलीत बसते. पलंग भिंतीला लावा, मोठी मऊ उशी नको, कुशीवर झोपवा. दिवसा झोपू द्या, रात्रीची कसर निघते. क्लोबाझाम, क्लोनाझेपामनं लाळ-कफ वाढतो आणि सुस्ती येते, अशा पेशंटला उताणं झोपवलं की घशात कफ जमतो.

झटका आलाच तर

घड्याळ पाहा, हे पहिलं. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. पेशंटला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ, चष्मा काढा, कॉलर सैल, मास्क असेल तर काढा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीच नाही. चप्पल, कांदा हुंगवू नका, लोखंड हातात देऊ नका, झटका त्याच्या वेळेनं थांबला की लोकांना वाटतं कांद्यानं थांबला.

5 मिनिटांत थांबला नाही तर स्प्रे, कागदावर लिहिला आहे तितका, आणि 108 ला फोन. स्प्रे नसेल तर थांबायचंच नाही, सरळ 108. मधे शुद्धीवर न येता दुसरा झटका, श्वासाचा त्रास, ओठ निळे, डोक्याला मार, हे असेल तर 5 मिनिटांचीही वाट पाहू नका. झटका चालू असताना ऑक्सिमीटरचा आकडा खरा येत नाही, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी लावा, 94 च्या खाली राहिला तर हॉस्पिटल. पूर्ण शुद्ध येऊन नाव-गाव नीट सांगेपर्यंत पाणी नको. आणि पुढचे दोन दिवस खोकला वाढला, ताप परत चढला तर झटक्यात काही फुफ्फुसात गेलं असू शकतं, छाती दाखवून घ्या.

"याला तर नेहमीच येतात" म्हणून घरी बसायचं नाही ती वेळ

1965 मध्ये आपल्या नागपुरातल्या चांदीपुरा भागातल्या तापाच्या पेशंटांमध्ये एक व्हायरस सापडला, त्याला नावच चांदीपुरा पडलं. तो सर्दीसारखा खोकल्यातून पसरत नाही, वाळूमाशी चावून होतो, पण लेकरांना ताप, उलटी, झटका आणि काही तासांत बेशुद्धी असा येतो, 2003 मध्ये आंध्रात आणि आपल्या महाराष्ट्रात त्यानं बरीच लेकरं नेली, 2024 मध्ये गुजरातमध्ये परत आला. हे इथे सांगते कारण मिरगीच्या लेकराला तापात झटका आला की घरचेच काय, कधी कधी दवाखान्यातलेही म्हणतात की हे याचं नेहमीचंच. तर हे पाहा: झटका थांबून तासभर झाला तरी लेकरू ओळखत नाही, मान ताठ आहे, सारखी उलटी, डोकं फार दुखतं, वेगळंच बडबडतं, एक हात-पाय ढिला पडला, किंवा झटका नेहमीसारखा नव्हताच. यातलं एक जरी असेल तर मेंदूपर्यंत इन्फेक्शन गेलं का हे तपासलंच पाहिजे, नागपुरातलं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, मेयो हॉस्पिटल, मिहानचं एम्स, जे जवळ पडेल तिथे इमर्जन्सीत जा, ओपीडीच्या लाइनमध्ये नाही. व्हाल्प्रोएटवरचं लेकरू सारखं ओकतं आणि सुस्त पडतं तेव्हा लिव्हर आणि अमोनियाची तपासणीही मागा.

भरती केलं तर

घरच्या गोळ्या आणि कागद सोबत न्या. वॉर्डात तोच ब्रँड असेल असं नाही, आणि कार्बामाझेपिन, क्लोबाझामसारख्या गोळ्यांचं आपल्याकडे सलाइनमधून द्यायचं रूप मिळत नाही, त्यामुळे तोंडानं बंद केलं असेल तर त्याऐवजी काय देणार हे त्याच दिवशी विचारा. नर्सची ड्यूटी बदलली की गोळीच्या वेळा परत सांगा. "सलाइन चालू आहे म्हणजे सगळं चालू आहे" असं अजिबात नसतं.

बरं झाल्यावर, आणि लस

ताप उतरून 24 तास झाले तरी आठवडाभर झोप सांभाळा, अशक्ती असते आणि झटका उतरत्या तापातही येतो. क्लोबाझाम जादा सुरू केली असेल तर सांगितलेल्या तारखेला बंद करा, उरली म्हणून चालू ठेवू नका. रेग्युलर गोळी स्वतःच्या मनानं वाढवू-घटवू नका. डायरीत लिहा: ताप किती, किती दिवस, कोणती औषधं दिली, झटका आला का. पुढच्या वेळी डॉक्टर याच पानावरून कागद सुधारतात.

फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते कारण व्हायरस बदलत राहतो. मिरगीसारखा मेंदूचा आजार असलेल्यांना फ्लू जड जाऊ शकतो म्हणून त्यांना ती आवर्जून सांगतात, 6 महिन्यांच्या पुढच्या लेकरापासून. 9 वर्षांच्या आतल्या लेकराला पहिल्या वर्षी 4 आठवड्यांच्या अंतरानं 2 डोस लागतात. लस लागू पडायला 2 आठवडे जातात, आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यात येतो, म्हणून मे महिना बरा. लसीनं एखाद-दोन दिवस कणकण येऊ शकते, त्या दिवशीही पॅरासिटामॉल आणि गोळीचा अलार्म तसाच, ड्रॅव्हेसारख्या लेकराच्या आई-बाबांनी डॉक्टरांना आधी विचारून तो दिवस आखून घ्यावा. न्यूमोनियाच्या लसीचंही त्याच वेळी विचारा. घरातल्या बाकीच्यांनीही फ्लूची घ्या, भावाला व्हायरल मी आणलं होतं, ऑफिसातून, "साधी सर्दी आहे" म्हणत त्याच्याच ताटात जेवले होते. आता ज्याला पहिली शिंक येते तो मास्क लावून बाहेरच्या खोलीत झोपतो, आणि त्याचा पेला-ताट वेगळं धुतलं जातं.